पियानिस्टने डोक्याला हात का लावला?

काका (वय तुम्हीच लिहिलंत म्हणून काका म्हणतोय), न्यूयॉर्कच्या जॅझ मैफलीवरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली: मधल्या टाळ्या, ग्लासांचा किणकिणाट, 'परक्यांचं संगीत', सगळी तक्रार. आधी चिडलो, मग हसू आलं. "ना बंदिश ना सम, ज्याला जे सुचेल ते तो वाजवतो, आणि शेवटी पियानोवाल्यानेच डोक्याला हात लावला!" हे झकास आहे. पण त्या हाताचा अर्थ मी लेखात सांगितलाच नव्हता, चूक माझी.

जॅझमध्ये मूळ धुनेला 'हेड' म्हणतात. सोलो उरकले की कुणीतरी स्वतःच्या टाळूवर टपली मारतो, म्हणजे चला, हेडवर. न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या जॅझ क्लबमध्ये त्या रात्री पियानो, बास (खर्जातलं मोठं तंतुवाद्य) आणि ड्रम असं त्रिकूट होतं, मी पुढून दुसऱ्या टेबलावर होतो. पियानिस्टचा डावा हात पट्ट्यांवरच, उजव्याची दोन बोटं टाळूला. ड्रमरने मान वरही केली नाही, तरी तिघं धुनेवर एकदम उतरले.

कसे? त्या धुनेचं आवर्तन 32 बारचं. बारला 4 ठोके, म्हणजे 128. आठ-आठ बारचे चार तुकडे, त्यातला तिसरा वेगळा. धून थांबली तरी आवर्तन फिरतच राहतं. ड्रमर एकटा 'बडवत' होता ना, तेव्हा बासवाल्याचे ओठ हलताना मी पाहिले. मोजत होता. तबल्याच्या सोलोला लेहरा (आवर्तन दाखवणारी, फिरत राहणारी धून) धरतात, तसा इथेही असतो, फक्त तो कुणी वाजवत नाही.

'हे आपल्या ख्यालासारखंच' हे वाक्य मात्र मागे घेतो. ख्यालात षड्ज ठाम असतो. इथे बार-दोन बारला स्वरमेळ (कॉर्ड, एकत्र वाजणारे स्वर) बदलतो आणि सोलोवाल्याला त्यावर पाय ठेवत जावं लागतं. उपमा सोपी होती, दिली ढकलून.

मधल्या टाळ्यांबद्दल अर्धं मान्य. पियानोच्या सोलोला टाळ्या पडतात आणि बासच्या पहिल्या ओळी त्यात बुडतात. मलाही ते खटकतं.

ग्लासांच्या किणकिणाटाबद्दल मात्र नाही. हा क्लब 1935 पासूनचा, तळघरातला, सव्वाशेच्या आसपास खुर्च्यांचा. 25 जून 1961 ला पियानिस्ट बिल एव्हान्सच्या त्रिकुटाचं इथेच ध्वनिमुद्रण झालं. त्यात ग्लास वाजतात, गप्पाही ऐकू येतात. बासवर स्कॉट लाफारो, वय 25. अकरा दिवसांनी तो मोटार अपघातात गेला. ती किणकिण मला आता गाळून टाकाविशी वाटत नाही.

आणि 'परक्यांचं संगीत'? सी. रामचंद्रांच्या वाद्यवृंदात ट्रम्पेट वाजवणारे जॅझवाले चिक चॉकलेट गोव्यातल्या हल्दोण्याचे, काका. तुम्ही लहानपणापासून ऐकताय.

पुढच्या महिन्यात पुण्यात येतोय. ते ध्वनिमुद्रण लावू. मोजायचं तुम्ही. आवर्तन चुकलं तर चहा तुमच्याकडून.