पिवळाधमक गूळ म्हणजे शुद्ध गूळ, हे कुणी सांगितलं?

संक्रांत जवळ आली की आमच्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या सगळ्या ग्रुपवर तोच एक मेसेज फिरायला लागतो, यंदा तर आत्यानं पण पाठवला. त्यात लिहिलंय की साखर म्हणजे गंधकाचं विष, गुळात केमिकल नसतंच, पिवळाधमक गूळ शुद्ध आणि काळपट गूळ भेसळीचा, गूळ पाण्यात विरघळवून खाली पांढरं बसलं तर ते केमिकल, आणि शुगरवाल्यांनी गूळ बिनधास्त खावा. वाईट वाटलं, कारण हे वाचून लोक नेमका उलटा गूळ निवडून घरी आणतात.

आधी रंगाचं सांगतो. माझे मामा चिकोडीकडं एका गुऱ्हाळात गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारा कारागीर होते, सुट्टीत मी चुलवाणाजवळ, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या भट्टीजवळ बसून असायचो. रस तापला की चुन्याची निवळी, मग ठेचलेल्या भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी, मळी, म्हणजे रसातला मळ, फेसासारखी वर यायची आणि मामा ती झाऱ्यानं काढत राहायचे. इथपर्यंत जुनी रीत. नंतर पाक घट्ट होत आला की डब्यातली पांढरी पावडर काहिलीत, म्हणजे रसाच्या मोठ्या कढईत पडायची आणि बघता बघता तपकिरी पाक पिवळा व्हायचा, वास यायचा काडी ओढल्यासारखा. ती पावडर म्हणजे हायड्रॉस, पूर्ण नाव सोडियम हायड्रोसल्फाइट. म्हणजे "गुळात केमिकल नसतंच" हे सरसकट खरं नाही, आणि पिवळा रंग तर बऱ्याचदा त्या केमिकलचाच.

ही पावडर मुळात स्वयंपाकाची नव्हेच. 1869 मध्ये शुटझेनबर्गर नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं या जातीच्या रसायनावर काम केलं आणि पुढं ती कापड रंगवायच्या कामात गेली, कागदाचा लगदा पांढरा करायला पण वापरतात. आमच्याकडं बेळगावात वडगाव, खासबागच्या विणकरांच्या गल्लीत सूत रंगवणारा कुणी जुना माणूस भेटला तर विचारा, हायड्रॉस म्हटल्यावर लगेच कळेल. निळीच्या हौदात हायड्रॉस पडलं की निळा रंग पिवळट होऊन पाण्यात विरघळतो, सूत बाहेर काढून वाऱ्यावर धरलं की परत निळं. गुळात पण तसंच काहीसं होतं, रंग देणारे पदार्थ निघून जात नाहीत, नुसते दबतात, म्हणून तो पिवळा गूळ ठेवला की काही दिवसांनी परत काळपट पडतो. आता प्रत्येक पिवळा गूळ हायड्रॉसचा असंही नाही हां, उसाची जात, जमीन, मळी किती नीट काढली यावर पण रंग ठरतो. पण काळपट म्हणून भेसळीचा हे तर साफ चूक. मामा सांगायचे, बिनपावडरीची ढेप सौद्यात नेली की व्यापारी दर पाडून मागायचा, मग गुळव्या करणार काय?

साखरेचं म्हणाल तर कारखान्यात गंधक जाळून त्याचा वायू रसात सोडतात, सोबत चुना, त्यानं मळ खाली बसतो, हे खरंच आहे. पण शेवटी साखरेत उरतो तो सल्फर डायऑक्साइड, आणि हायड्रॉसच्या गुळात पण तोच उरतो. आपल्याकडं दोन्हींना मर्यादा एकच आहे, किलोमागं 70 मिलिग्रॅम. म्हणजे मर्यादेतल्या 10 ग्रॅम गुळात जास्तीत जास्त 0.7 मिलिग्रॅम. एक विष आणि दुसरं अमृत, हे कुठल्या हिशोबानं? दम्याच्या काही लोकांना मात्र सल्फाइटनं, म्हणजे या सल्फर डायऑक्साइडच्याच जातीच्या पदार्थांनी, धाप लागते, त्यांनी खरंच जपावं, साखर असो की गूळ.

शुगरचं एका वाक्यात, गूळ म्हणजे बहुतेक साखरच, त्यानं रक्तातली साखर वाढतेच.

पाण्याची टेस्ट तर अगदीच फसवी. हायड्रॉस पाण्यात विरघळतं, ते खाली बसेलच कसं? खाली बसतो तो चुना, खडूची पूड नाहीतर माती. म्हणजे पाणी नितळ दिसलं म्हणून लोक खूश होतात आणि हायड्रॉस असेल तर ते पोटात जातंच. सल्फाइट किती आहे ते लॅबमध्येच कळतं.

आणि मेसेजमध्ये ज्याचा पत्ताच नाही तो धोका गुळव्या आणि जळव्याला, म्हणजे चुलवाणात जळण घालणाऱ्याला आहे. हायड्रॉसला ओल लागली की ते आपोआप तापतं, पेट घेतं, गुदमरवणारा वायू सोडतं. एप्रिल 1995 मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीतल्या लोडाय गावी एका कारखान्यात हायड्रॉस आणि ॲल्युमिनियम पावडरच्या मिश्रणात पाणी गेलं, स्फोट झाला, 5 कामगार गेले. आमच्या गुऱ्हाळात तो डबा उघडाच असायचा, एका बाजूला काहिलीची वाफ, दुसऱ्या बाजूला चुलवाणाचा जाळ, आणि मामा त्यात ओल्या हातानं मूठ घालायचे. तुमच्या ओळखीत कुणाचं गुऱ्हाळ असेल तर एवढं तरी सांगा, डब्याला घट्ट झाकण लावून तो कोरड्या खोलीत ठेवा, आणि बिनपावडरीचा काळपट गूळ आम्हाला चालतो, त्याच दरानं घेतो, हे पण सांगा.