शेअर वाचवायचाय? मग मोठा साबण घ्या

डिमॅट खातं लाल झालं म्हणून तोंड पाडून बसला असाल, तर आधी न्हाणीत जाऊन साबणाची वडी बघा. दहा रुपयांचीच आहे ना? मग बाजाराला कशाला बोल लावता?

२७ सप्टेंबर २०२४ ला निफ्टी, म्हणजे पन्नास मोठ्या कंपन्यांच्या शेअरचा निर्देशांक, २६,२७७ वर गेला, तेव्हा गोव्यातल्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिरच्या निवडता निवडता तुम्ही शेजाऱ्याला शेअरची नावं सांगत होता. पुढचे पाच महिने निफ्टी दर महिन्याला खालीच. असं १९९६ नंतर पहिल्यांदाच झालं म्हणतात. म्हणजे इतिहास घडताना तुम्ही हजर होता, एवढं समाधान माना.

मग कंपन्यांचे निकाल आले. साबण-बिस्किटंवाल्यांनी गळा काढला : शहरी ग्राहक हात आखडता घेतोय. अहो, हा ग्राहक म्हणजे तुम्हीच! जिचे शेअर घेतलेत, तिचाच मोठा पुडा फळीवर ठेवून पाच रुपयांचा उचललात. स्वतःचा शेअर स्वतःच पाडलात आणि शिव्या मात्र परदेशी गुंतवणूकदारांना.

महागाईची सबब सांगू नका. गणपतीची चवथ होऊन आठवडा झाला तोच, १४ सप्टेंबर २०२४ ला, कच्च्या पामतेलावरचं एकूण आयात शुल्क साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर गेलं, हे खरं. साबणात पामतेल, बिस्किटात पामतेल, फरसाणातही तेच. ऑक्टोबरात भाज्यांची महागाई ४२ टक्क्यांवर होती, हेही खरं. पण पाच रुपयांचा पुडा पाचलाच राहिला की नाही? आतली बिस्किटं तेवढी सडपातळ झाली. डॉक्टर तुम्हाला वेगळं काय सांगतो?

तेव्हा आजपासून आपला पोर्टफोलिओच खायचा. बांगडा बंद, तो कुठल्याच एक्स्चेंजवर नोंदलेला नाही. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, शेअर बाजारात येईपर्यंत पाकिटातला ब्रेड. वरण नको, नूडल्स. दात दिवसातून तीनदा घासा, दात नसतील तरी घासा, तिमाही निकाल जवळ आलेत.

याला धीर नसेल तर भाच्याचं ऐका आणि ऑप्शन्समध्ये, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावरच्या पैजेत, उतरा. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या दर शंभर सामान्यांपैकी ९३ जणांनी पैसे घालवले, असं बाजारावर देखरेख ठेवणारी खुद्द सेबी सांगते. उरलेल्या सातांतला एक आपल्याच वाड्यावर राहतो, असं प्रत्येक वाड्यावर सांगतात. आणि साध्या शेअरमध्ये चुकून फायदा झालाच, तरी हुरळून जाऊ नका. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पाने वर्षाच्या आत विकलेल्या शेअरच्या नफ्यावरचा कर १५ वरून २० टक्के केलाय. तोट्यावर मात्र अजून कर नाही. ही सवलत आहे तोवर पुरेपूर वापरून घ्या.

एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडाचा महिन्याचा हप्ता, थांबवायची नाही, गॅस थांबवा. सल्लागार सांगतो ना, दीर्घ मुदत ठेवा! सिलिंडरही मग दीर्घ मुदतीचा होतो.

घरात कुरकुर झाली, तर लाभांशाचे ४८ रुपये जमा झाल्याचा मेसेज बायकोपुढे धरा. ती चष्मा लावून नीट वाचील आणि विचारील, एवढ्यात नारळ येतो का, आणि आला तर सोललेला की असोला?