ताईने सांगितलं म्हणून

काल रात्री 'द हाउस ऑफ सुह' हा माहितीपट पाहिला. आयरिस शिम यांनी दिग्दर्शित केलेला, २०१० सालचा. संपला तेव्हा एक वाजून गेला होता. भावाला फोन करावासा वाटत होता, पण त्या वेळी कुणाला उठवणार? म्हणून इथे लिहितेय.

सुह कुटुंब १९७६ साली सोलहून शिकागोला आलं. आईवडील, मुलगी कॅथरीन आणि तिच्याहून पाच वर्षांनी लहान अँड्र्यू. १९८५ मध्ये वडील कर्करोगाने गेले. दोनच वर्षांनी, ऑक्टोबर १९८७ मध्ये, शिकागोला लागून असलेल्या एव्हॅन्स्टनमधल्या स्वतःच्या ड्राय क्लीनिंगच्या दुकानात आईचा खून झाला. अंगावर ३७ वार होते. अँड्र्यू तेव्हा १३ वर्षांचा. आता त्याला ताईशिवाय कुणी उरलं नव्हतं.

पोरगा हुशार. शाळेत विद्यार्थी परिषदेचा अध्यक्ष, पुढे शिष्यवृत्तीवर प्रॉव्हिडन्स कॉलेजात. सप्टेंबर १९९३ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तो शिकागोला परत आला, गॅरेजमध्ये दबा धरून बसला आणि बहिणीसोबत राहणाऱ्या रॉबर्ट ओ'डुबेनला त्याने गोळ्या घातल्या. आईला यानेच मारलं, असं ताईने सांगितलं होतं. रॉबर्टच्या विम्याचे २,५०,००० डॉलर ताईला मिळणार होते.

अँड्र्यूला १०० वर्षांची शिक्षा झाली, नंतर ती ८० वर आली. ताई खटल्याआधीच पळून गेली होती. १९९६ मध्ये हवाईत शरण आली, ती आता जन्मठेप भोगतेय. आईच्या खुनासाठी आजवर कुणावरही आरोप ठेवला गेलेला नाही.

अशा गोष्टी पाहिल्या की लोक पटकन म्हणतात, 'कोरियन लोकांत कुटुंबनिष्ठा फार, म्हणून असं झालं.' मला हे अजिबात पटत नाही. धाकटा भाऊ थोरल्या बहिणीला तिथे 'नूना' म्हणतो, नावाने हाक मारत नाही. आपल्याकडे ताई म्हणतात तसंच. पण थोरल्याचा शब्द पाळायचा, हा त्या रीतीचा अर्धाच भाग झाला. थोरल्याने धाकट्याला पोटाशी धरायचं, त्याच्यावर आच येऊ द्यायची नाही, हा उरलेला अर्धा भाग. ही रीत ज्याच्या विचारांतून आली, त्या प्राचीन चिनी विचारवंत कन्फ्यूशियसच्या शिकवणीत ही दोन्ही कर्तव्यं जोडीने येतात. कॅथरीनने त्यातलं स्वतःच्या सोयीचं तेवढं उचललं. दोष रीतीला देऊन तिला कशाला सोडायचं?

हे मी इतक्या तावातावाने लिहितेय, कारण मीही थोरली आहे.

नवऱ्याच्या धंद्यासाठी कर्ज काढताना जामीनदार हवा होता. मी भावाला म्हटलं, 'ये रे जरा, एक सही हवी आहे.' तो ऑफिसातून सुटून आला, उभ्याउभ्या सही केली आणि चहा घेऊन गेला. कागद वाचला नाही. मी वाच म्हटलं नाही. धंदा बसला आणि वसुलीच्या नोटिसा त्याच्या घरी जाऊ लागल्या. त्याच्या मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या पैशांतून त्याने हप्ते भरले. मला एका शब्दाने बोलला नाही. आमच्या नातेवाइकांत अजून त्याचं कौतुक होतं, 'भाऊ असावा तर असा.' मी त्यांना काय सांगू? तो कागद मी स्वतः वाचला होता. त्यात काय लिहिलंय हे मला माहीत होतं.

खून आणि सही यांची बरोबरी मी करत नाहीये. पण आपण सांगितलं तर समोरचा 'का' असं विचारणार नाही, ही खात्री काय असते, ते मला ठाऊक आहे. अशा माणसाकडे काही मागताना दहादा विचार थोरल्यानेच करायला हवा.

आणखी एक सांगायलाच हवं. अँड्र्यू तुरुंगातून शांतपणे बोलत राहतो आणि आपण त्याच्या बाजूने झुकत जातो. मीही झुकले. पण रॉबर्ट ३१ वर्षांचा होता. त्याच्यावर खटला चालला नाही, त्याला कुणी काही विचारलं नाही. अँड्र्यू जानेवारी २०२४ मध्ये सुटला, तीस वर्षांनी. त्याला पुढचं आयुष्य चांगलं मिळो, असं मला मनापासून वाटतं. त्याच्या त्या निष्ठेचं कौतुक मात्र मला करवत नाही.

सकाळी भावाला फोन करणार आहे. त्या सहीबद्दल आम्ही आजवर कधीच बोललेलो नाही.