मत जिंकलं, पण करार कुठाय?

अमेरिकेत एखाद्या गोदामात किंवा कॉफीच्या दुकानात कामगारांनी युनियनच्या बाजूने कौल दिला की ती बातमी आपल्याकडेही आवळलेल्या मुठींसकट फिरते. कुणाच्या आनंदावर विरजण घालायचं नाही. पण तिथल्या कायद्यात मतदान हा सोपा टप्पा आहे. खरी गळती त्यानंतर, कंपनीशी पगार आणि अटींचा करार करताना, सुरू होते.

आधी आपल्या डोक्यातलं युनियनचं चित्र बाजूला ठेवू. आपल्याकडे 1926 च्या कायद्याने सात जण एकत्र आले की युनियन नोंदवता यायची. एका गेटवर तीन झेंडे ही आपल्याला नवलाई नाही. अमेरिकेत 1935 च्या वॅग्नर कायद्याने वेगळी घडी बसवली: एका युनिटची (म्हणजे ज्यांच्या वतीने एकत्र वाटाघाटी होतात त्या कामगारांच्या गटाची) एकच युनियन, आणि जी जिंकेल ती विरोधात मत दिलेल्यांच्याही वतीने बोलणार. (गिरणगावातल्या लोकांना 'मान्यताप्राप्त' या शब्दाची धार सांगायला नको. 1982 च्या गिरणी संपात मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती आणि कामगार दत्ता सामंतांमागे. अमेरिकेत निदान हा निकाल बहुतेक वेळा गुप्त मतदानाने लागतो.)

सुरुवात होते कार्डापासून. कार्डावर सही आणि तारीख दोन्ही हवी. युनिटमधल्या किमान 30 टक्के लोकांची कार्डं जमली की राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळाकडे, म्हणजे एनएलआरबीकडे, निवडणुकीचा अर्ज करता येतो. पण 30 टक्क्यांवर अर्ज टाकणं हा शुद्ध उतावीळपणा. मुरलेले कार्यकर्ते 65-70 टक्क्यांपर्यंत थांबतात, कारण कंपनीचा प्रचार सुरू झाला की पाठिंबा फक्त घटतो. शिवाय सही करणारा मधल्या काळात नोकरी सोडून गेला की त्याचं कार्ड बाद. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या ॲमेझॉन गोदामात 2021 मध्ये नेमकं हेच झालं. कार्डं अपुरी ठरली आणि अर्ज मागे घ्यावा लागला. तिथे माणसं इतक्या झपाट्याने बदलतात की यादी महिन्याभरात शिळी होते. पुन्हा कार्डं गोळा झाली, आणि एप्रिल 2022 मध्ये 2,654 विरुद्ध 2,131 मतांनी युनियन जिंकली.

बहुमत मोजतात ते पडलेल्या मतांचं, एकूण कामगारांचं नाही. सुपरवायझर युनिटच्या बाहेर, त्यामुळे 'हा सुपरवायझर की कामगार' यावरच महिनोन् महिने वाद घालता येतो. शेतमजूर आणि घरकामगार तर या कायद्यातच नाहीत. कंपनी कामाच्या वेळेत सगळ्यांना सक्तीने बसवून युनियनविरोधी भाषण ऐकवायची, आणि 1948 पासून मंडळाला ते चालत होतं. नोव्हेंबर 2024 मध्ये मंडळाने ते बेकायदा ठरवलं. मंडळाची माणसं बदलली की असे निर्णयही फिरतात, म्हणून त्यावर फार विसंबू नये.

आता मुख्य मुद्दा. जिंकल्यावर कंपनीवर बंधन येतं ते 'प्रामाणिकपणे वाटाघाटी' करण्याचं. कायद्यात स्पष्ट लिहिलंय की कुठल्याही बाजूला मागणी मान्य करण्याची किंवा माघार घेण्याची सक्ती नाही. 1970 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एच. के. पोर्टर खटल्यात यावर शिक्कामोर्तब केलं: मंडळ कराराचं एकही कलम लादू शकत नाही. मग कंपनीचा वकील काय करणार? सहा आठवड्यांनी एक बैठक, तीत पार्किंगच्या कलमावर चर्चा, पुढची तारीख. मान्यतेनंतर वर्षभर युनियनला संरक्षण असतं. वर्ष उलटलं आणि करार नसला, की पुन्हा 30 टक्के सह्यांवर युनियन हटवण्याचा अर्ज येऊ शकतो. तोवर बरेच मतदार नोकरी सोडून गेलेले असतात. पहिल्या कराराला सरासरी वर्षापेक्षा जास्त लागतं, हे लक्षात घेतलं की गणित कळतं. बफेलोच्या ज्या स्टारबक्समध्ये डिसेंबर 2021 मध्ये युनियन आली, तिथे आणि स्टेटन आयलंडवर 2025 संपत आलं तरी करार नव्हता.

आणि कायदा मोडला तर? युनियनसाठी धावपळ करणाऱ्याला काढलं तर ते बेकायदाच आहे. पण मंडळाला दंड ठोठावण्याचा अधिकार नाही. बुडालेला पगार द्यायचा, तोही त्या काळात त्याने दुसरीकडे कमावलेलं वजा करून. माणसाने पोटासाठी दुसरी नोकरी धरली की कंपनीचा खर्च आपोआप कमी! त्यात निकालाला वर्षं लागतात. जानेवारी 2025 मध्ये एका सदस्याला पदावरून काढल्यावर मंडळात दोघेच उरले. कोरम, म्हणजे निकाल द्यायला लागणारी किमान हजेरी, तिघांची. कित्येक महिने मंडळाला निकालच देता येत नव्हते.

संपाचा हक्क आहे, पण सर्वोच्च न्यायालयाच्या 1938 च्या मॅके निकालापासून पगारवाढीसाठीच्या संपात कंपनी कायमची बदली माणसं घेऊ शकते. 1981 मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी संपावरच्या 11,000 हून जास्त हवाई नियंत्रकांना काढलं, तो सरकारी नोकरांचा वेगळा मामला होता, पण खासगी मालकांनी त्यातून धडा घेतला. म्हणून 2023 चा वाहन कामगारांचा संप मला जास्त शिकवणारा वाटतो. वाहन कामगारांच्या युएडब्ल्यू या युनियनने फोर्ड, जनरल मोटर्स आणि स्टेलांटिस या तिन्ही कंपन्या एकदम बंद केल्या नाहीत. आधी वेन, वेंट्झव्हिल आणि टोलेडो हे तीनच कारखाने, मग कंपनीच्या वागण्याप्रमाणे पुढचे. संपावरच्या माणसाला निधीतून आठवड्याला 500 डॉलर. थोडे लोक बाहेर, म्हणून निधी पुरला. मूळ पगारात साडेचार वर्षांत 25 टक्के वाढ मिळाली. पण ही अनेक दशकं करार करत आलेली युनियन होती, कालची नव्हे.

2024 मध्ये खासगी क्षेत्रातले फक्त 5.9 टक्के कामगार सदस्य होते, सरकारी नोकरीत 32.2 टक्के. 'लोकांना युनियन नकोच आहे' हा निष्कर्ष या आकड्यावरून काढणाऱ्यांनी वरची वाटचाल पुन्हा वाचावी.

तिकडे एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर असलेल्या मराठी मंडळींसाठी एक कामाची गोष्ट. याच कायद्याचं सातवं कलम युनियन नसलेल्या ऑफिसातही लागू आहे. सुपरवायझर नसाल तर सहकाऱ्यांशी पगाराची चर्चा करणं हा तुमचा हक्क आहे, आणि 'पगार कुणाला सांगू नका' हा कंपनीचा नियम बेकायदा. त्यावरून काढलं तर तक्रारीला सहा महिन्यांची मुदत असते. नोकरी गेल्यावर देशात राहायची मुभा मात्र जास्तीत जास्त 60 दिवसांची.