मालकाचे उत्तर: ‘फुकटच्या लिनक्सचे ८०० रुपये’

नमस्कार भाऊ. आबांना त्रास झाला त्याबद्दल दिलगीर आहोत. आबांच्या लॅपटॉपबद्दलचा तुमचा एक ताऱ्याचा अभिप्राय सकाळी दुकान उघडल्या उघडल्या वाचला. न विचारता लिनक्स (विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी दुसरी सिस्टिम) टाकलं, वाय-फाय बंद, हिशेबाचं टॅली गायब, विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे, आणि ‘जगभर फुकट मिळणाऱ्या वस्तूचे ८०० रुपये उकळले’. बाकी सगळ्याचं उत्तर देतो, पण ते ‘उकळले’ फार लागलं.

लिनक्स फुकटच आहे. त्याचा एक रुपया बिलात नाही, बिल पुन्हा बघा. ८०० रुपये मजुरी आहे. हार्डडिस्क जुनी, त्यात बॅड सेक्टर, म्हणजे खराब झालेल्या जागा. लग्नकार्यांचे फोटो, सातबाऱ्याचे स्कॅन, कृषी केंद्राचा टॅलीचा डेटा, सगळं आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतलं. अशी डिस्क खराब जागेवर आली की तिथंच घुटमळत बसते, आणि मध्येच लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. मग विंडोजची जागा कमी करून मिंटला, म्हणजे आम्ही टाकलेल्या लिनक्सला, जागा काढली. फास्ट स्टार्टअप बंद केलं, कारण ते चालू असलं तर विंडोज बंद केल्यावरही डिस्क पूर्ण सुटत नाही आणि मिंटमधून डी ड्राइव्हवर काही सेव्ह होत नाही. त्यानंतर मिंट, मराठी कीबोर्ड, प्रिंटर. बोअरवाल्याला ‘पाणी तर जमिनीतलंच’ म्हणून कोणी पैसे कमी देतं का? विप्रो १९४५ मध्ये वनस्पती तुपासाठी निघाली ती आमच्या याच अमळनेरात, पण इथल्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याची मजुरी अजून कोणाला मजुरी वाटत नाही.

न विचारता काही केलेलं नाही. लॅपटॉप सहाव्या पिढीचा आय-थ्री. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. जुगाड करून ११ चढवता येतं, पण मग अपडेटची हमी राहत नाही. १० साठी वर्षभराची वाढीव मुदत मिळते हे सांगितलं, नवा लॅपटॉप घ्या हेही सांगितलं (तो घेतला असता तर आम्हालाच चार पैसे जास्त सुटले असते). मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत म्हणून ते आधी पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून दाखवलं, डिस्कला हात न लावता. आबांनी त्यावर डी ड्राइव्हमधलं कीर्तन ऐकलं आणि म्हणाले, ‘टाकी दे भो, देखू काय व्हस ते.’ तुम्ही पुण्यात होतात, तुम्हाला हे कुठून माहीत असणार.

आता वाय-फाय. त्या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, वेगळा चढवावा लागतो. मोबाइल केबलने जोडून नेट दिलं आणि ड्रायव्हर मॅनेजरमधून चढवला. सिक्युअर बूट (चालू होताना अनोळखी सॉफ्टवेअर अडवणारी सोय) चालू असलं की मिंट एक पासवर्ड ठरवायला लावतं आणि पुढच्या रीस्टार्टला निळी स्क्रीन येते. तिथं ‘एनरोल मॉक’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा, म्हणजे ड्रायव्हर ओळखीचा म्हणून नोंदला जातो. तेवढं एक रीस्टार्ट बाकी असताना आबांच्या शेवटच्या एसटीची वेळ झाली. दहा मिनिटं थांबा म्हटलं, थांबले नाहीत. काय निवडायचं आणि पासवर्ड काय, दोन्ही बिलामागे लिहून दिलं. घरी निळी स्क्रीन आल्यावर त्यांनी तुम्हाला व्हिडिओ कॉल लावला आणि तुम्ही ‘कंटिन्यू बूट’ दाबायला सांगितलं. हे आबांनीच आम्हाला फोनवर सांगितलं. तसं केलं की ती नोंदणी राहून जाते, सिक्युअर बूट त्या ड्रायव्हरला आत घेत नाही, आणि वाय-फाय दिसतच नाही. निळी स्क्रीन बघून विंडोजवाल्याच्या पोटात गोळा येतो हे कळतं. पण त्याचा तारा आमच्या दुकानाला का?

टॅली गायब नाही. ते लिनक्सवर थेट चालत नाही म्हणूनच विंडोज ठेवलंय. चालू करताना यादी येते, बाणाने खाली जाऊन विंडोज निवडायचं. काही निवडलं नाही तर काही सेकंदांनी मिंटच उघडतं. टॅलीपुरतं विंडोज, नेट मिंटवर, असं आबांशी ठरलं होतं.

घड्याळही बिघडलेलं नाही. मिंट मशीनच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ ठेवतं, विंडोज तीच भारतीय वेळ समजतं, म्हणून बरोबर साडेपाच तास. मिंटच्या टर्मिनलमध्ये (हुकूम टाइप करायच्या खिडकीत) एका ओळीचं काम आहे. यापुढे दोन्ही सिस्टिम ठेवताना ते इथूनच करून देऊ, निळ्या स्क्रीनची माहितीही मोठ्या अक्षरात छापून देण्याचं बघतोय.

आबांना कधीही पाठवा, वाय-फायची नोंदणी नव्याने करून देतो, पैसे लागणार नाहीत. फक्त मंगळवार सोडून, मंगळग्रह मंदिराच्या गर्दीत त्यांचे हाल होतील. दुकान गल्लीत आहे, नवीन गिऱ्हाईक आधी तारे बघतं, म्हणून एवढं लिहावं लागलं. येताना चार्जर द्यायला विसरू नका, त्या लॅपटॉपची बॅटरी चहा येईपर्यंतही टिकत नाही.