भत्त्यावर ‘आरामात’ जगणाऱ्या एकल माता : खुलासा

‘अमेरिकेत एकल मातांचं घर सरकारी भत्त्यावर आरामात चालतं’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. कॅथरीन एडिन आणि लॉरा लाइन या अमेरिकी संशोधकांनी शिकागो, बॉस्टनसह चार शहरांतल्या ३७९ गरीब एकल मातांच्या घरखर्चाचा हिशेब १९९७ मध्ये मांडला. त्यांतल्या भत्ता घेणाऱ्यांचा भत्ता, फूड स्टॅम्प (अन्नासाठीची सरकारी कुपनं) धरूनही जेमतेम तीन-पंचमांश खर्च निघत होता. बाकीचं? कागदावर न दाखवलेलं काम, नातेवाइकांची मदत, मुलाच्या बापाने गुपचूप हातावर ठेवलेल्या नोटा. ‘मग नोकरी करा ना!’ करत होत्याच अनेकजणी. पण पाळणाघर आणि प्रवासातच पगाराला गळती. शिवाय १९९६ च्या कायद्याने केंद्राच्या पैशातून मिळणाऱ्या भत्त्याला सर्वसाधारणपणे ५ वर्षांची मर्यादा घातली, कामाची अटही लावली.