मोठं नाव नाही म्हणून डिफेन्स नाही?

पावसाळ्यात सांगलीकराच्या फोनवर दोन मेसेज हमखास येतात. एक आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीचा, दुसरा कबड्डीचा. पाण्याचा तासातासाला बदलतो. कबड्डीचा मात्र गेल्या वर्षीचाच, चार शब्द इकडचे तिकडे करून परत येतो.

यंदा तो मला माझ्या भाच्यानं पाठवला. वर लिहिलं होतं, "मामा, वाचा. एकदम बरोबर आहे." मेसेज प्रो कबड्डी लीगमधल्या पुणेरी पलटणच्या डिफेन्सबद्दल, म्हणजे पकडी करणाऱ्या फळीबद्दल. थोडक्यात मजकूर असा: पलटणचा डिफेन्स कागदावरच हरलाय. पहिलं, शादलुई होता तेव्हा कप आला, तो गेला आणि खेळ खल्लास; डिफेन्स एका वाघावर चालतो. दुसरं, दोन कोपरे (साखळीच्या टोकांचे दोघे) तगडे पाहिजेत, कव्हरला (मधल्या माणसाच्या शेजारी) कुणीही उभा केला तरी चालतं. तिसरं, टॅकल पॉईंटच्या, म्हणजे पकडीच्या गुणांच्या, तक्त्यात वर नाव नसेल तर त्याला डिफेन्स म्हणू नये. चौथं, पोरासोरांच्या जिवावर कप येत नाही, अनुभव लागतो. पाचवं, डिफेन्स गळका असला की रेडरनी कितीही पॉईंट आणू देत, उपयोग शून्य. शेवटी "पटलं तर पुढं पाठवा."

पटलं नाही, म्हणून पुढं न पाठवता उत्तर लिहितोय. वाळवा तालुक्यातल्या एका मंडळाकडून मी आठ वर्षं डावा कव्हर खेळलो. टीव्हीवर कधी दिसलो नाही, पण माती खाल्लीय भरपूर.

शादलुईपासून सुरुवात करू, कारण त्या मेसेजमधलं सगळ्यात वजनदार वाक्य तेच आहे, आणि अर्धं खरंही आहे. इराणच्या मोहम्मदरेझा शादलुईला पलटणनं दहाव्या हंगामासाठी २ कोटी ३५ लाखांना घेतलं. त्यानं त्या हंगामात टॅकलचे ९९ पॉईंट काढले आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादेत पलटणनं हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिला कप घेतला. पुढच्या लिलावात तो हरियाणाकडे गेला आणि अकराव्या हंगामाचा कप हरियाणानं नेला. इथवर मेसेज लिहिणाऱ्याची छाती फुगलेली असणार. पण गोष्ट इथं थांबत नाही ना. बाराव्या हंगामात शादलुई गुजरात जायंट्सकडे गेला, २ कोटी २३ लाखांना. माणूस तोच, ताकद तीच, कोपरा तोच. गुजरात पहिल्या आठातसुद्धा आली नाही. आणि त्याच हंगामात शादलुई नसलेली पलटण गुणतक्त्यात पहिल्या दोनात राहिली, फायनलही खेळली. नवव्या हंगामातही तो पाटणा पायरेट्सकडे होता, तेव्हा पाटण्याला प्लेऑफ दिसलं नव्हतं.

दुसरा इराणी घ्या. फझल अत्राचली. कबड्डीत त्याच्या पकडीला तोड नाही, हे मी उभं राहून मान्य करतो. नवव्या हंगामात तो पलटणचा कप्तान होता. संघ फायनलला पोचला, पण जयपूर पिंक पँथर्सकडून ३३-२९ हरला. दहाव्यात १ कोटी ६० लाखांना गुजरातला गेला. गुजरात प्लेऑफच्या पहिल्याच सामन्यात बाहेर. अकराव्यात बंगालला गेला. बंगाल पहिल्या सहाच्या जवळपासही नाही. बाराव्यात दबंग दिल्लीला गेला आणि दिल्लीनं पलटणला ३१-२८ हरवून कप उचलला. शेवटच्या क्षणांतली निर्णायक पकडही फझलचीच होती.

आता मला सांगा, फझल बंगालला असताना वाघ नव्हता का? होताच. दिल्लीत त्याच्या शेजारी सुरजीत सिंग कव्हरला होता, पलीकडच्या कोपऱ्यात सौरभ नांदल होता आणि समोरून पॉईंट आणायला आशू मलिक होता. वाघ एकटा असला की रेडर त्याच्या बाजूला फिरकतच नाही. दुसऱ्या बाजूनं पोट भरून घेतो आणि परत जातो.

आपल्याकडं ही गल्लत का होते, यावर माझा एक अंदाज आहे. आपला जिल्हा चढाईवर वेडा. कासेगावचा काशिलिंग आडके दबंग दिल्लीकडून चढाया मारायचा तेव्हा इकडं घराघरात पोरं उड्या मारायची. चढाई एकट्याची असते. एक माणूस जातो, तीस सेकंदं दम धरतो, हात लावतो किंवा उडी मारतो, परत येतो, टाळ्या घेतो. त्याच डोळ्यांनी आपण डिफेन्स बघायला गेलो की तिथंही एकच माणूस शोधतो. पकड बसली की खाली पाय धरून बसलेला दिसतो. त्याच्या वरचे तिघं नुसती गर्दी वाटतात.

त्यामुळं "कव्हरला कुणीही चालतो" हे वाक्य वाचून मला राग कमी आणि हसू जास्त आलं. मी तो 'कुणीही' होतो.

आमचे सर संध्याकाळी मैदानावर पाणी मारून घ्यायचे, चुन्याच्या रेषा ओल्या असायच्या. सातजण उभे. कोपऱ्याचा हात 'इन'वाल्याच्या हातात, माझा हात मधल्याच्या हातात. समोर रेडर नाचतोय. आणि सर ओरडायचे, "रेडरकडं बघू नको! कोपऱ्याच्या टाचेकडं बघ!" सुरुवातीला मला वाटायचं, हे काय खूळ? चढाई करणाऱ्याकडं बघायचं नाही? पण त्याचं कारण साधं आहे. कोपरा घोट्यावर झेपावला की त्याच्याकडं रेडरचा फक्त एक पाय असतो. बाकीचं सगळं अंग मध्यरेषेकडं ओढ घेत असतं. एकट्या घोट्यावर धड थांबत नाही. ते थांबवायला कव्हर पाहिजे, आणि तो डोळ्याची पापणी लवायच्या आत पाहिजे. रेडर हलल्यावर निघालास तर उशीर झाला. कोपऱ्याची टाच उचलली की निघायचं. दोन महिने सर आम्हाला रेडरशिवाय हेच करायला लावत होते. नुसती टाच उचलायची आणि नुसतं धावायचं. गावातली पोरं कडेला बसून दात काढायची.

तरी एकदा चुकलोच. एका तालुका पातळीवरच्या स्पर्धेची फायनल, शेवटची दोन मिनिटं, आम्ही एका पॉईंटनं पुढं. आमच्या डाव्या कोपऱ्यानं घोटा धरला, अगदी चोख. माझी नजर रेडरच्या खांद्यावर गेली होती, टाचेवर नव्हती. मी पोचलो तेव्हा तो कोपऱ्याला घेऊन घसरत सुटला होता. माझा त्याच्या कमरेला हात लागला, पण नुसताच. त्याची बोटं रेषेला टेकली. आम्ही दोघंही बाद, समोरच्याला दोन पॉईंट, सामना गेला. रात्री टेम्पोत सगळी शिव्या घालत होती ती कोपऱ्याला. "धरायला येत नाही तर कशाला जातोस?" तो काही बोलला नाही. मीही बोललो नाही. ते अजून टोचतं.

प्रो कबड्डीतले संघमालक तरी कव्हरला 'कुणीही' समजत नाहीत. अकराव्या हंगामाच्या लिलावात यू मुंबानं सुनील कुमारला १ कोटी १ लाख ५० हजारांना घेतलं, तेव्हा तो सगळ्यात महाग भारतीय डिफेंडर ठरला. सुनील खेळतो उजव्या कव्हरला. नवव्या हंगामात जयपूर जिंकली तेव्हा कप्तानही तोच होता. पलटण जिंकली तेव्हा शादलुईचं नाव गाजलं, पण कव्हरला अभिनेश नडराजन पाय रोवून उभा होता म्हणून शादलुईला झेप घ्यायची मुभा होती.

आता तक्ता. टॅकल पॉईंटचा तक्ता खोटा नसतो, पण त्याला अर्धंच दिसतं. वर सांगितलेल्या त्या फायनलच्या वहीत कोपऱ्याच्या नावावर फसलेली पकड लागली असती. माझ्या नावावर काहीच नाही. उलटंही होतं. रेडर एकदा येतो, कव्हर जागा देत नाहीत, हात हलवत परत जातो. दुसऱ्यांदा तेच. तिसरी चढाई 'डू ऑर डाय', पॉईंट आणला नाही तर तोच बाद. म्हणून तो जिवावर उदार होऊन आत घुसतो आणि कोपऱ्याच्या हाती सापडतो. तक्त्यात एक नाव, एक पॉईंट. आधीच्या दोन चढायांत ज्यांनी त्याला उपाशी परत पाठवलं त्यांचा उल्लेख कुठं?

सुपर टॅकलचा घोळ तर आणखी. मैदानात तीन किंवा कमी माणसं असताना पकड झाली की दोन पॉईंट मिळतात. म्हणजे ज्या संघाची माणसं सारखी बाद होतात, त्याच्या डिफेंडरला दुप्पट पॉईंटाची संधी जास्त वेळा मिळते. आणि जो डिफेन्स सहा-सात जणांनी भरलेला राहतो, त्याच्या पकडीला एकच पॉईंट. तक्ता डोळे झाकून वाचला तर बुडणाऱ्या संघातला माणूस तरणाऱ्या संघातल्यापेक्षा मोठा दिसतो. मी तर उलटा हिशेब धरतो. सुपर टॅकल भाराभर होत असतील तर आधी विचारा, एवढ्या वेळा तिघांवर का आलात?

चौथा मुद्दा अनुभवाचा. यावर फार लिहीत नाही. जयपूर जिंकली त्या नवव्या हंगामात सगळ्यात जास्त टॅकल पॉईंट काढले अंकुशनं, ८९, आणि लीगमधला त्याचा तो पहिलाच हंगाम होता. फायनलला समोर फझल होता, लीगमधल्या सगळ्यात अनुभवी डाव्या कोपऱ्यांपैकी एक. कप अंकुशच्या संघाकडं गेला. आता कुणी म्हणेल, दिल्लीनं बाराव्यात फझल-सुरजीत अशा मुरलेल्यांच्या जोरावर जिंकलं की. जिंकलं. तेच म्हणतोय मी. कधी पोरं जिंकतात, कधी म्हातारे. वयावरून कप सांगता येत नाही. मुरलेला डिफेंडर घाई करत नाही, हा फायदा आहेच, पण एकमेकांची टाच ओळखणारी चार पोरं असली तर तोही भरून निघतो.

पाचवा मुद्दा मात्र सगळा उलटाच आहे, आणि तोच सगळ्यांना पटतो. म्हणे डिफेन्स गळका असला की रेडरचे पॉईंट वाया. अहो, डिफेन्स गळतो तोच मुळात रेडर रिकामे आल्यामुळं! पॉईंट आला की आपला बाद झालेला माणूस आत येतो. आला नाही तर मैदानात चार राहतात, पाच राहतात. आणि कबड्डीत चार-पाचाचा डिफेन्स ही सगळ्यात वाईट अवस्था. सात असले की साखळी बांधता येते. तीन असले की सुपर टॅकलची आशा असते, रेडरही थोडा दबकतो. चार-पाचाला धड साखळी नाही आणि दुप्पट पॉईंटही नाहीत. रेडर मोकळ्या जागेत हवा तसा फिरतो, आणि बघता बघता लोण चढतो, म्हणजे सगळा संघच बाद होतो.

पलटणचंच उदाहरण घ्या. नवव्या हंगामाच्या फायनलला अस्लम इनामदार आणि मोहित गोयत, दोघेही रेडर जायबंदी होऊन बाहेर होते. डिफेन्समध्ये फझल होता तरी चार पॉईंट कमी पडले. अकराव्या हंगामात अस्लम दुखापतीनं बसला आणि गतविजेती पलटण पहिल्या सहात आली नाही. सगळे म्हणाले शादलुई गेला म्हणून. बाराव्यात शादलुई नव्हताच, पण अस्लम परतला, जोडीला पंकज मोहिते, आदित्य शिंदे. आत माणसं राहिली, आणि तोच 'वाघ नसलेला' डिफेन्स फायनलला गेला. अस्लम बाहेर बसला होता हे कुणाच्या मेसेजमध्ये आलं नाही, कारण तो रेडर. त्याचा डिफेन्सशी काय संबंध!

भाच्याला हे सगळं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "मग मामा, यंदाचा डिफेन्स चांगला की वाईट, ते एका वाक्यात सांगा की लगा." एका वाक्यात नाही सांगता येत, आणि हंगाम सुरू व्हायच्या आधी तर नाहीच. त्याला म्हटलं, पहिले चार सामने माझ्याबरोबर बस. स्कोअर लिहायचा नाही. प्रत्येक चढाईला पलटणची किती माणसं मैदानात आहेत ते लिही, कोपरा झेपावला तेव्हा कव्हर निघाला की बघत राहिला ते लिही, आणि समोरचा रेडर सलग किती वेळा रिकामा परत गेला ते लिही. टॅकल कुणाच्या नावावर लागला ते टीव्हीवाले सांगतीलच.

वही आणायला गेलाय. आणि आत्ताच पुलाचा मेसेज आला, पाणी दोन फुटांनी उतरलंय.